पेण बसते, नागोठणे तुटते

मोबाइल ॲपच्या पडद्यावरील मजकूर, चित्रे आणि बटणे यांच्या जागा थेट न नेमता त्यांची एकमेकांशी असलेली नाती समीकरणांत सांगता येतात. अशा प्रत्येक समीकरणाला बंधन म्हणतात. त्याचा साचा एकच असतो: एका घटकाची कड किंवा माप = गुणक × दुसऱ्याची कड किंवा माप + स्थिरांक; ‘=’च्या जागी ‘≥’ही चालते. आयफोनवर ही पद्धत २०१२ मध्ये ‘ऑटो लेआउट’ या नावाने आली. ती समीकरणे सोडवणारी ‘कॅसोवरी’ ही रीत त्याआधीच, १९९० च्या दशकात तयार झाली होती.

पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. या पाच स्थानकांची यादी उदाहरणाला पुरेशी आहे. ओळीत डावीकडे स्थानकाचे नाव, उजवीकडे गाडीची स्थिती. नाव डाव्या कडेपासून १६ पॉइंटांवर (पॉइंट हे पडद्यावरील मापाचे एकक), स्थिती नावाच्या ८ पॉइंट पुढे आणि उजव्या कडेच्या १६ पॉइंट आत. ३२० पॉइंट रुंदीच्या लहान फोनवर यातून एवढेच निघते: नावाची रुंदी + स्थितीची रुंदी = २८०. समीकरण एक, अज्ञाते दोन; म्हणजे उत्तरे अनंत.

त्यांतले एक निवडण्यासाठी मजकुराची नैसर्गिक रुंदी आणि १ ते १००० या मापातले प्राधान्य उपयोगी पडते. १००० म्हणजे सक्ती. मजकूर आक्रसू न देण्याचे प्राधान्य, कोणी हात लावला नाही तर, ७५० असते. ‘पेण’ दोन अक्षरांचे. तिथे या ७५० ची कसोटीच लागत नाही. पण वाचणाऱ्याने अक्षरे मोठी केली, ‘नागोठणे’ला १५० पॉइंट लागले आणि ‘३० मिनिटे उशिरा’लाही १५०, तर २० पॉइंट कमी पडतात. नावालाही ७५०, स्थितीलाही ७५०. कोणी माघार घ्यायची हे ठरलेलेच नसते, आणि पडद्यावर ‘नागो…’ उमटू शकते. नावाचे प्राधान्य ७५१ केले की वाद मिटतो, मात्र आता स्थिती तुटते. प्रवाशाला दोन्ही हवे असते, त्यामुळे स्थितीला दुसरी ओळ देणे हाच खरा इलाज. केवळ ७५१ लिहून मोकळे होणे ही पळवाट आहे.

उंचीत अडतो तो ‘कासू’. ओळीची उंची ४४ पॉइंट, प्राधान्य १०००, असे बांधले की अक्षरे वाढताच खालचा उकार छाटला जाऊ शकतो. तिथे ‘=’ ऐवजी ‘≥’ हवे. ४४ हा ॲपलने बोटाच्या स्पर्शासाठी सुचवलेला किमान आकडा आहे. तो स्थिरांकच असावा, कारण पडदा रुंद झाला म्हणून बोट रुंद होत नाही. चित्राचे मात्र उलट. पेणच्या मूर्तींच्या कारखान्यातला गणपती एक फुटाचा असो की तीन फुटांचा, सोंड त्याच मानाने वाढते. असे प्रमाण गुणकाने सांगतात.

१००० प्राधान्याची दोन बंधने एकमेकांविरुद्ध गेली तर आयफोनची यंत्रणा त्यांतले एक मोडते, तशी नोंद विकसकासाठी करते आणि ॲप चालू ठेवते. ती नोंद प्रवाशाला दिसत नाही; त्याला दिसू शकतात एकावर एक चढलेली अक्षरे.

अशा पडद्याची पहिली चाचणी ‘पेण’वर घेऊ नये. ती ३२० पॉइंटांच्या फोनवर, अक्षरे मोठी करून, ‘नागोठणे’ आणि ‘कासू’ या ओळींवर घ्यावी.