ओनिगिरी आणि माझी मऊ पडलेली भेळ

मित्रांनो, व्हिडिओत माझी फजिती पाहिलीत ना? टोकियोत कोंबिनीतून, म्हणजे तिथल्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानातून, भाताचा त्रिकोणी गोळा घेतला आणि वेफर्सच्या पाकिटासारखा फाडला. अर्धी नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद, प्लास्टिकमध्येच राहिली!

दुसरा नीट उघडला. पाकिटावर १, २, ३ आकडे असतात. १ ची पट्टी मधून खाली ओढायची, मग २ आणि ३ ची टोकं बाजूला खेचायची. प्लास्टिकला दोन पदर असतात आणि नोरी त्यांच्या मधे. भाताला ती चिकटते थेट तुमच्या हातात, म्हणून कुरकुरीत लागते. आत उमेबोशी होतं, आंबट-खारट, आपलं लोणचंच म्हणा.

सेव्हन-इलेव्हनने जपानमध्ये अशी कुरकुरीत नोरीची ओनिगिरी १९७८ साली आणली. घरोघरी होणारी वस्तू! तरी ती विकली गेली. भात फ्रीजच्या थंडीत कडक होतो, म्हणून ती साधारण २० अंशांवर ठेवतात.

आता माझं ऐका. मी दुकानात तयार भेळेची पाकिटं ठेवली होती, चटणी आतच कालवलेली. दुपारपर्यंत चुरमुरे मऊ. चाळीस पाकिटं फेकली आणि वर म्हणालो, 'आपल्या गिऱ्हाइकाला पॅक भेळ नकोच.' गिऱ्हाइकाचं काही चुकलं नव्हतं हो.

परवापासून चटणीची पुडी वेगळी देतोय. पाकिटामागे सव्वा रुपया खर्च वाढलाय, भाव वीसच ठेवलाय. महिन्याचा हिशोब पुढच्या व्हिडिओत दाखवतो, तोटा झाला तरी.