तुटलेले शिर आणि उरलेली जाणीव : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

हिंगोली जिल्ह्यातील गावागावांतून नवरात्रात शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील माहूरगडाची वाट धरणाऱ्या भाविकांना रेणुकामातेची कथा नव्याने सांगावी लागत नाही. पित्याच्या आज्ञेवरून परशुरामाने मातेचे शिर छेदिले आणि पित्याच्याच वरप्रसादाने ती पुन्हा सजीव झाली. आज गडावर पूजा होते ती देवीच्या मुखाची. ग्रहण लागले म्हणजे घरातील वडीलधारी माणसे राहूची गोष्ट काढतात. अमृताचा घोट कंठाशी पोहोचला होता म्हणून त्याचे शिर आणि धड दोन्ही अमर झाली. आणि पुरंदरच्या वेढ्याचा प्रसंग रंगात आला की, मुरारबाजीचे मस्तक तुटून पडल्यावरही त्याचे धड तलवार चालवीत राहते. अशा कथांवर पोसलेल्या मनाला, शिरच्छेद झालेल्या माणसाला क्षणभर तरी काही कळत असेल काय, असा प्रश्न पडला तर त्यात नवल नाही. श्रद्धेच्या कथेचा न्यायनिवाडा करण्याचा येथे हेतू नाही. परंतु याच प्रश्नाभोवती शरीरशास्त्राच्या नावाने जे गैरसमज रूढ झाले आहेत, त्यांचा तपशील तपासून पाहणे उचित ठरेल.

गैरसमज १ : धड हलते, त्या अर्थी त्यात जाणीव असते.

वस्तुस्थिती : खाटकाच्या दुकानापुढे उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने मान कापलेल्या कोंबडीची तडफड पाहिलेली असते, आणि ती वेदनेनेच तडफडते असे त्याने मनोमन ठरवूनही टाकलेले असते. वास्तविक हात, पाय, पंख यांच्या कित्येक हालचालींचा कारभार मेंदूकडे नसून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे असतो. विस्तवाला बोट लागताच चटका जाणवण्यापूर्वीच हात मागे येतो, तो याच प्रतिक्षिप्त क्रियेमुळे. मेंदूचा अंकुश एकाएकी नाहीसा झाला की मज्जारज्जूतील चेतापेशी काही काळ स्वैर संदेश सोडीत राहतात व स्नायू आकुंचन पावतात. परंतु त्या आकुंचनाची वार्ता ज्याला कळावी, असा कोणी त्या धडात उरलेला नसतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या फ्रुटा गावी १९४५ च्या सप्टेंबरात मान कापलेला एक कोंबडा सुमारे अठरा महिने जगला, हा दाखला पुष्कळदा पुढे केला जातो. दाखला खरा आहे. पण घाव वरच्या अंगाला बसल्यामुळे श्वास आणि हृदयगती सांभाळणारा मस्तिष्कस्तंभ धडालाच जोडलेला राहिला आणि रक्त साखळल्यामुळे मोठा रक्तस्राव झाला नाही, ही त्यामागची कारणे सांगण्याचे सहसा राहून जाते. मुरारबाजीपुरते सांगायचे तर, छत्रपती राजारामांच्या काळात लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत तो दिलेरखानाच्या तिराने पडला असेच वर्णन आहे. १६६५ सालच्या त्या झुंजीतील त्याचे शौर्य इतके निर्विवाद आहे की त्याला कबंधाच्या कथेचा आधार देण्याची गरज नाही.

गैरसमज २ : तुटलेल्या शिराने प्रतिसाद दिल्याचे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.

वस्तुस्थिती : या समजुतीचे मूळ फ्रान्समध्ये आहे. वेदना न होता एकाच झटक्यात मृत्यू यावा, या उद्देशाने तेथे आणलेल्या गिलोटिन यंत्राचा पहिला वापर २५ एप्रिल १७९२ रोजी झाला, आणि यंत्राच्या वेगामुळेच, मान तुटली तरी मेंदू तेवढ्या तातडीने मरतो काय, ही शंका उत्पन्न झाली. १७ जुलै १७९३ रोजी शार्लोत कोर्दे या फ्रेंच तरुणीचे शिर उडविल्यानंतर जल्लादाच्या एका मदतनिसाने ते उचलून त्याच्या गालावर चापट मारली, तेव्हा चेहरा संतापाने लाल झाला, असे पाहणारे सांगत सुटले. परंतु गालावर लाली चढण्यास त्वचेच्या सूक्ष्म वाहिन्यांत दाबाने रक्त यावे लागते, आणि छेदलेल्या शिरात तो दाब उरलेलाच नसतो. सोमरिंग या जर्मन शारीरविशारदाने १७९५ साली शिरात जाणीव टिकते असे प्रतिपादन केले, कॅबानिस या फ्रेंच वैद्याने त्याचे खंडन केले, आणि वाद चालू राहिला. प्रयोगाचा पुरावा मात्र दोहोंपैकी कोणाहीपाशी नव्हता.

रसायनशास्त्राचा प्रवर्तक लाव्हाझिए याची कथा तर सर्वांत लोकप्रिय. वधस्तंभाकडे जाताना त्याने, जाणीव असेतो आपण पापण्या मिटत राहू, असे ठरविले आणि त्याप्रमाणे पंधरा-वीस वेळा डोळे मिचकावले, असे सांगतात. ८ मे १७९४ रोजी सरकारी करवसुलीच्या इतर २७ इजारदारांसमवेत त्याचा वध झाला, एवढे इतिहासाच्या दप्तरात आहे. पापण्यांच्या प्रयोगाविषयी एकही समकालीन साक्ष नाही.

डॉ. बोरिये या फ्रेंच वैद्यांची कैफियत तेवढी गंभीरपणे घ्यावी लागते. २८ जून १९०५ रोजी ओर्लेआँ येथे लांगिय नावाच्या गुन्हेगाराचा शिरच्छेद झाला. आपण त्याला नावाने हाक मारताच पापण्या उघडल्या व दृष्टी आपल्यावर स्थिरावली, दुसऱ्या हाकेलाही तसेच घडले, तिसऱ्या हाकेला मात्र प्रतिसाद आला नाही, आणि हे सारे २५ ते ३० सेकंदांत आटोपले, असे त्यांनी नमूद केले. परंतु पाहणारा एकच आणि मोजणारे उपकरण एकही नाही, अशा साक्षीवरून फैसला करता येत नाही. शिवाय पापण्यांचे स्नायू आपोआपही आकुंचन पावू शकतात. ती पाहणी कुतूहलजनक आहे, परंतु निर्णायक नाही.

गैरसमज ३ : ऑक्सिजनविना मेंदू चार-पाच मिनिटे जगतो, तेव्हा जाणीवही तितकाच वेळ राहते.

वस्तुस्थिती : दोन भिन्न मुदतींची ही गल्लत आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे दोन टक्के, परंतु शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनापैकी जवळजवळ वीस टक्के तो एकटाच खर्च करतो, आणि साठा म्हणून जवळ काहीच बाळगीत नाही. त्यामुळे रक्त थांबले की त्याचे काम काही सेकंदांत बंद पडते. त्याच्या पेशींची कायमची हानी होऊ लागण्यास मात्र काही मिनिटे लागतात. वसमतकडच्या हळदीच्या शेतावर वीज गेली म्हणजे मोटर तत्क्षणी थांबते, पण ती जळालेली नसते. नेमका तोच भेद येथे आहे.

१९४३ साली अमेरिकेत रॉसेन, काबाट आणि अँडरसन यांनी तरुण स्वयंसेवकांच्या गळ्याभोवती हवेची पट्टी बसवून, क्षणार्धात ती फुगवून मेंदूकडे जाणारे रक्त थांबविले. बहुतेकांची शुद्ध पाच ते अकरा सेकंदांच्या आत हरपली आणि पट्टी सैल होताच परत आली. तेथे मज्जारज्जू अखंड होता आणि डोक्यातील रक्त डोक्यातच होते. शिरच्छेदात रक्त बाहेर वाहून जाते व दाब एकदम कोसळतो. म्हणून जाणिवेची मुदत याहून अधिक असण्याचे कारण दिसत नाही.

गैरसमज ४ : मृत्यूनंतर मेंदूत उठणारी ‘अखेरची लाट’ ही अखेरची जाणीव होय.

वस्तुस्थिती : नेदरलँड्समधील नायमेखेन येथील संशोधकांनी उंदरांच्या शिरच्छेदानंतर मेंदूतील विद्युत्प्रवाहाची नोंद घेऊन तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध केले. त्यात सुमारे चार सेकंदांत त्या प्रवाहाची शक्ती निम्म्यावर आली, आणि जाणीव काही सेकंदांतच लोपत असावी, असे त्यांनी अनुमान काढले. जागृत उंदरांत साधारण ५० सेकंदांनी, तर भूल दिलेल्या उंदरांत ८० सेकंदांनी एक मोठी, संथ लाट दिसली, आणि तिच्यावरच सर्वांचे लक्ष खिळले. परंतु ही लाट विचारांची नव्हे. ऊर्जा संपल्यामुळे असंख्य पेशींच्या आवरणांवरील विद्युत्भार एकाच वेळी ढासळतो, त्याची ती खूण होय. आणि ती उमटण्यापूर्वी जाणिवेस आवश्यक असा मेंदूचा व्यापार केव्हाच थंडावलेला असतो.

गैरसमज ५ : धडापासून तुटलेले शिर कोणत्याही परिस्थितीत जागे राहू शकत नाही.

वस्तुस्थिती : हे विधान शास्त्रीय वाटते, पण तेही खरे नाही. रॉबर्ट व्हाइट या शल्यविशारदाने १९७० साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे एका माकडाचे शिर दुसऱ्या माकडाच्या धडाला रक्तवाहिन्यांद्वारे जोडले, तेव्हा शुद्धीवर आल्यावर ते शिर डोळ्यांनी वस्तूंचा मागोवा घेत होते आणि जवळ आलेल्यास चावण्याचा प्रयत्न करीत होते. त्या प्रयोगाच्या नीतिमत्तेवर कठोर टीका झाली, आणि ती योग्यच होती. तथापि त्यातून एक गोष्ट उघड झाली, की जाणिवेला धड लागत नाही, अखंड रक्तपुरवठा लागतो. जल्लादाचा घाव जाणीव संपवितो, तो रक्ताची वाट तोडून.

तात्पर्य एवढेच, की मान तुटल्यानंतर काही सेकंद, फार तर दहा-बारा, अंधुक जाणीव टिकणे शरीरशास्त्राच्या दृष्टीने अशक्य नाही. हाक ऐकून विचार करणे, ठरवून डोळे मिचकावणे किंवा शत्रूवर वार करणे यांना मात्र त्यात आधार नाही.

हा विचार केवळ कुतूहलाचा नाही. शेतात वा बाजारात एखाद्या माणसाचे हृदय अचानक बंद पडते, तेव्हाही मेंदूचे रक्त असेच थांबते, काही सेकंदांत शुद्ध जाते, आणि तरीही हातपाय झटके देतात, तोंडातून आचके येतात. ती हालचाल पाहून भोवतालची मंडळी ‘जीव आहे, फिट आली असेल’ असे म्हणत कांदा हुंगवितात आणि बहुमोल मिनिटे दवडतात. शिरच्छेदात ती मिनिटे निरुपयोगी असतात. येथे मात्र तीच जीव वाचवितात. म्हणून माणूस हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे.