मरणाचे बोलणे, जगण्यासाठी

घरात कुणी मरणाचा विषय काढला की ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून त्याला गप्प केले जाते. विम्याचे हप्ते नेमाने भरले जातात, मृत्युपत्रही कधीतरी होते. पण शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे कुणी सांगून ठेवत नाही. मग तो निर्णय अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर घाबरलेल्या मुलांना घ्यावा लागतो.

मरणाविषयी बोलले तर रुग्ण खचतो, ही यामागची भीती. अमेरिकेतील बॉस्टनमध्ये झालेल्या एका अभ्यासात नेमके उलटे दिसले. फुफ्फुसाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला त्यांच्या जोडीला सुरुवातीपासूनच उपशामक सेवा, म्हणजे वेदना व धाप यांवर इलाज आणि पुढे काय हवे याविषयी मोकळा संवाद. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्याची लक्षणे पहिल्या गटात ३८ टक्के, तर दुसऱ्यात १६ टक्के रुग्णांमध्ये आढळली. अखेरच्या दिवसांतील आक्रमक उपचार कमी होऊनही दुसऱ्या गटातील निम्मे रुग्ण ११.६ महिन्यांहून अधिक जगले. पहिल्या गटात हा काळ ८.९ महिने होता. नंतरच्या सर्वच अभ्यासांत आयुष्य वाढलेले दिसले नाही, पण उरलेले दिवस अधिक सुसह्य झाल्याचे वारंवार दिसले.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसेन यांचे संशोधनही याला पूरक आहे. वेळ थोडा उरला आहे याची जाणीव झाली की माणसे नव्या ओळखींपेक्षा जिवाभावाच्या माणसांना जवळ करतात. हे केवळ म्हातारपणी नव्हे, तर गंभीर आजारी तरुणांमध्येही दिसते.

भारतात या संवादाला कायद्याचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून ‘लिव्हिंग विल’ला परवानगी दिली आणि २०२३ मध्ये तिची किचकट प्रक्रिया सोपी केली. आता सज्ञान व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून हा दस्तऐवज साक्षांकित करून घेऊ शकते. स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसताना आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, त्यांची नावे त्यात लिहायची असतात. बरे होण्याची आशा उरली नसेल, तरच तो लागू होतो. त्याआधी डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची स्थिती तपासतात. मन बदलले तर तो केव्हाही रद्द करता येतो. कृत्रिम श्वास नाकारला, तरी वेदनाशमन आणि शुश्रूषा सुरूच राहते.

कागद करण्याआधी मात्र घरात बोलावे. शेवटचे दिवस घरी हवेत की रुग्णालयात? व्हेंटिलेटर कोणत्या स्थितीत नको? कुणाला भेटायचे राहिले आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे द्यावी. तिसऱ्यासाठी आजारी पडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.