स्वयंपाकघरातले ब्रदर लॉरेन्स

नम्रता रोजच्या कामात कशी उतरते, हे पाहायचं तर ब्रदर लॉरेन्स वाचा! मूळ नाव निकोलस हर्मन. लढाईत पाय जखमी झालेला हा सैनिक सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात धर्मबंधू झाला. वाट्याला आलं स्वयंपाकघर, आणि नेमकं तेच काम नावडतं! तरी वर्षानुवर्षं रांधलं. पुढे मठवासीयांच्या चपला दुरुस्त केल्या. चूक झाली की देवापाशी कबूल करून ते पुढच्या कामाला लागत. (स्वतःला दोष देत बसणं हा मला तरी अहंकारच वाटतो.) 1691 मध्ये ते वारले. त्यांची पत्रं आणि संभाषणं नंतर छापली गेली: 'द प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड'. पुस्तक छोटंसंच आहे, येत्या उपवासकाळात जरूर वाचा.