दूरशिक्षणातील गुणवत्ता : निकष कोणाचा?

विद्यापीठाच्या गुणवत्तेचा प्रश्न निघाला की आपल्याकडे आधी इमारत पाहिली जाते, मग ग्रंथालय, मग निकालाची टक्केवारी. विद्यार्थी कुठून आला, हे शेवटी विचारले जाते किंवा विचारलेच जात नाही. मग ज्या शिक्षणाला वर्गाच्या भिंतीच नाहीत, त्याचे मोल कोणत्या फूटपट्टीने ठरवायचे? मी महाविद्यालयात शिकवतो आणि रविवारी दूरशिक्षणाच्या अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे घेतो. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मीच. त्यामुळे हा प्रश्न मला निव्वळ प्रशासकीय वाटत नाही.

लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेची दारे उघडली. पण परीक्षेला बसू देणे म्हणजे शिकवणे नव्हे. हा फरक ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने ओळखला. १९६९ मध्ये ते स्थापन झाले आणि १९७१ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वीच्या प्रमाणपत्राची अट त्याने ठेवली नाही. मात्र विद्यार्थ्याचा लेखी स्वाध्याय तपासून त्यावर सविस्तर शेरा देणारा शिक्षक नेमला. प्रवेश सैल आणि अध्यापन कसून, हे त्याचे सूत्र होते.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. हैदराबादला १९८२ मध्ये पहिले मुक्त विद्यापीठ निघाले; आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले. पण आपल्या दृष्टीने या विचाराचे मूळ याहून जवळचे आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग भरवले. विद्यार्थ्याच्या पोटाची वेळ पाहून विद्येची वेळ ठरवायची, हा तो विचार.

आता मान्यतेची रीत पाहू. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद सात निकषांवर संस्थेला श्रेणी देते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाला २०२१ मध्ये तिची सर्वोच्च श्रेणी मिळाली. कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग ही आंतरराष्ट्रीय संस्था दूरशिक्षणातील उत्कृष्टतेचे पुरस्कार देते. संस्थांबरोबरच अध्ययनसाहित्याचा आणि विद्यार्थ्याचाही ती गौरव करते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. याउलट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी पारंपरिक विद्यापीठांना दूरशिक्षण चालवण्यासाठी परिषदेचे किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीतील पहिल्या शंभरांतले स्थान ही अट घातली. बोगस दुकानदारी रोखायला अशी अट हवीच. पण हे गुण सबंध विद्यापीठाचे असतात. प्रयोगशाळा आणि संशोधन यांवर मिळवलेली श्रेणी, खेड्यात एकट्याने पुस्तक वाचणाऱ्याला काय मिळाले, हे सांगत नाही.

गेल्या वर्षी एका सत्रानंतर नगरपालिकेत झाडूकाम करणाऱ्या एक बाई थांबल्या. त्यांचा स्वाध्याय परत आला होता. त्यावर फक्त आकडा होता, एक शब्दही नव्हता. त्यांनी विचारले, "सर, माझं चुकलं कुठं?" रात्री भाकरी थापून झाल्यावर लिहिलेली ती पाने होती. त्या केंद्राच्या अहवालात मात्र 'स्वाध्याय तपासले' अशी नोंद झाली असणार.

म्हणून मला चार निकष सुचवावेसे वाटतात. एक : प्रवेश घेणाऱ्यांत पहिल्या पिढीचे, श्रमिक, दलित, आदिवासी, भटके विद्यार्थी आणि स्त्रिया किती? दोन : पाठ्यपुस्तक समोर शिक्षक नाही हे गृहीत धरून, विद्यार्थ्याच्या भाषेत लिहिले आहे काय? तीन : स्वाध्याय शेऱ्यासह आणि वेळेत परत जातो काय? चार : मध्येच सोडून गेले ते कोण, आणि का?

यातला चौथा निकष सर्वांत कठीण. निवडक विद्यार्थी घेतले की निकाल आपोआप चांगला लागतो. ती गुणवत्ता संस्थेची नव्हे, विद्यार्थ्यांच्या घरच्या परिस्थितीची असते. उलट, दार सताड उघडे ठेवायचे, फी घ्यायची आणि आत आलेल्याला एकटे सोडायचे, हीही फसवणूकच. मुक्ततेच्या नावाखाली आपल्या माणसांना दुय्यम शिक्षण मिळत असेल, तर त्याचे कौतुक आपण का करावे?

मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, असे नियम सांगतो. तरीही मुलाखतीत 'बाहेरून केलंत का?' हा प्रश्न येतो. तो प्रश्न नुसत्या श्रेणीने थांबणार नाही. प्रत्येक कोऱ्या समासात शिक्षकाचा शेरा उमटेल, तेव्हा त्याला उत्तर मिळू लागेल. त्या बाईंच्या स्वाध्यायावर मी त्या दिवशी तीन ओळी लिहिल्या. पुढचा स्वाध्याय त्यांनी आठ पानांचा आणला.