कृष्णाकाठच्या आपत्तींचा कारभार : एक मागोवा

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याची उत्तर व दक्षिण अशी वाटणी झाली आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले, तेव्हापासून एकाच नदीकाठावर दोन कलेक्टर आणि दोन दप्तरे यांचा अंमल चालत आला आहे. परंतु पाटण तालुक्यात कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडला कृष्णेस मिळून सांगलीच्या आयर्विन पुलाखाली येते, तेव्हा त्याला ही सरहद्द ठाऊक नसते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले आणि सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, त्या काळी मामलेदार, तलाठी, पोलीस पाटील व कोतवाल हीच सरकारची गावापर्यंत पोचणारी साखळी होती आणि आधी संकट, मग पंचनामा, मग मदत हाच तिच्या कामाचा क्रम होता. तो बदलण्याची निकड २००५ या एकाच वर्षाने पुरती पटवून दिली : जानेवारीत सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास भाविक दगावले, पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५३ फुटांवर चढली, आणि डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा होऊन जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद कलेक्टरकडे व सहअध्यक्षपद लोकनियुक्त प्रतिनिधीकडे आले.

वर्दीच्या बाबतीत तेव्हापासून झालेली सुधारणा निर्विवाद आहे. कोयनेचे वक्र दरवाजे किती उचलले आणि विसर्ग किती क्युसेक, ही खबर साताऱ्याहून सांगलीच्या नियंत्रण कक्षात पोचते. पाणी पोचायला त्यानंतर काही प्रहर लागतात, आणि तेवढाच काय तो अवधी कारभाराच्या हाती असतो. आयर्विनपाशी ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी सांगलीत लहान मुलांनाही तोंडपाठ आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर यांसारख्या सखल वस्त्यांतील कुटुंबे तर पुलावरचा आकडा विचारूनच सामान माळ्यावर चढवायचे की घर सोडायचे, हे ठरवतात.

आणि तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा या साखळीचे शेवटचे कडे तुटले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ हे कृष्णा-येरळेच्या संगमावरचे गाव. ८ ऑगस्टला तेथील माणसांना बाहेर काढणारी गावची बोट भाराने उलटली आणि बायामुलांसह अनेकांना जलसमाधी मिळाली. लष्कर, नौदल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल हे सारे जिल्ह्यात आले, पण प्रत्येक गावी वेळेवर पोचणे कोणत्याही दलास शक्य नव्हते. माझ्या मते वर्दी वेगाने धावू लागली आणि साधने मात्र मागेच राहिली. पूरपट्ट्यातील ग्रामपंचायतीजवळ पुरेशा सुस्थितीतील बोटी, जीवरक्षक जाकिटे आणि सराव असलेली माणसे असणे, ही वरच्या कोणत्याही बैठकीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांपलीकडे गेले, तेव्हा पूरपट्ट्यातील माणसे पुष्कळ आधी हलवली गेली. त्याच दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथे मात्र डोंगर घरांवर कोसळला, आणि डोंगराची वर्दी देणारा पूल कोठेच नव्हता. पुराच्या बाबतीत खाली कर्नाटकात अलमट्टी धरणाच्या विसर्गाचा प्रश्न आहेच. पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल आला, दोन्ही राज्यांचे मंत्री व अभियंते बैठकांत बसू लागले. पण अलमट्टीची उंची वाढवण्याचा विषय निघाला की पाण्याच्या फुगवट्याच्या भीतीने सांगलीकर आजही अस्वस्थ होतात.