जुन्या शस्त्राचे कूळ कसे ओळखावे?

नागपूरकर पहिले रघूजी भोसले यांची तलवार राज्य शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना मिळविली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांनी तिचा बारकाईने अभ्यास करावा, इतकी ती बोलकी आहे.

तिचे सरळ, एकधारी पाते युरोपीय बनावटीचे आहे. अशा पात्याच्या तलवारीस ‘फिरंग’ म्हणत. सोन्याचे नक्षीकाम असलेली मूठ मात्र मुल्हेरी घाटाची. नाशिक जिल्ह्यातील, बागलाणातल्या मुल्हेरचे नाव या घाटाला आहे. पात्याच्या पाठीवर सोनेरी देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा त्यांचा किताब आहे. म्हणजे पाते परदेशचे, मुठीचा घाट बागलाणचा आणि मालकी नागपूरची.

या तिन्ही साक्षी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. पात्याचे निमुळते टोक मुठीत राळेने घट्ट बसवीत. ऊब दिली की राळ सुटते, त्यामुळे जुन्या पात्याला नवी मूठ सहज बसे. घाटाचे नावही शैली सांगते. वस्तू त्याच गावी घडली, हे त्यावरून ठरत नाही. युरोपीय कारागिरांच्या खुणांची नक्कल आपल्याकडील लोहारही करीत. म्हणून केवळ पात्यावरील नावावर भिस्त ठेवू नये.

मालकीचा भक्कम पुरावा म्हणजे शस्त्रावरचाच समकालीन लेख. १६८९ च्या अदोनीच्या वेढ्यानंतर बिकानेरच्या शस्त्रागारात गेलेल्या अनेक शस्त्रांवर ठिपक्यांनी अशा नोंदी कोरलेल्या आहेत. याउलट, लंडनहून जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शनासाठी आलेल्या वाघनखांची शिवकालीन ओळख त्यांच्या पेटीवरील मजकुरात आहे आणि ती पेटी पुढे स्कॉटलंडमध्ये तयार झाली. ती अफजलखानवधाचीच आहेत, याची खात्री देता येत नाही, असे तेथील संग्रहालयही सांगते.

घरी वा बाजारात जुने शस्त्र मिळाले, तर प्रथम त्याला चकाकी आणण्याचा मोह टाळावा. वाळूने वा आम्लाने घासल्यास गंजाबरोबर पोलादाची नक्षी, ठिपके आणि सोन्याची अक्षरेही जातात. सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, वजन-मापे नोंदवावीत आणि विकणाऱ्याची हकिकत पुराव्यापासून वेगळी लिहून ठेवावी. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि खासगी व्यक्तींना त्या देशाबाहेर नेण्यास मनाई आहे.

पुसलेले अक्षर पुन्हा उमटत नाही. मग त्या शस्त्राजवळ उरते ती केवळ दंतकथा, आणि दंतकथेची किंमत विक्रेता ठरवितो.